मुंबईला चालणारा गेम गावच्या टीव्हीवर का दिसत नाही? नवी केबल घेण्याआधी हे तपासा

मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीत, कुडाळ-मालवण भागात टीव्ही दुरुस्तीला फिरणाऱ्या माणसाला एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "मुंबैक बरो चलत होतो, हंय येवन काय झाला कळना नाय." विषय पोरांनी सोबत आणलेल्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा: पीएस-४ (प्लेस्टेशन), पीएस-५ किंवा एक्सबॉक्स. टीव्हीवर ‘नो सिग्नल’, पोरांची तोंडं उतरलेली, आणि घरातल्या मोठ्यांनी निकाल देऊन टाकलेला की गाडीत हापटून बिघडला.

खरंच बिघडलेला क्वचितच निघतो. मुंबईहून इथे येताना बदलतं ते बाकीचं सगळं. टीव्ही दुसरा असतो, आणि तो बहुधा मुंबईत नवा घेतल्यावर इकडे पाठवून दिलेला जुना. मूळ केबल मुंबईच्या टीव्हीमागेच राहिलेली असते, म्हणून कपाटातली कुठलीतरी वायर लावलेली असते. टीव्हीची पिन, म्हणजे केबल खोचायचं सॉकेट, वर्षभर खाऱ्या हवेत उघडी पडलेली असते. एवढं सगळं सोडून लोक आधी बाजारात जातात आणि ‘८के, २४ कॅरेट गोल्ड प्लेटेड’ असं छापलेली केबल घेऊन येतात. तिनेही पडदा काळाच राहतो. म्हणून केबलची खरेदी सगळ्यात शेवटी. आधी टीव्ही काय घेऊ शकतो आणि अडतंय कुठे, हे घरच्या घरी शोधून काढा.

अदलाबदल करा, पण एका वेळी एकच

सुरुवात रिमोटपासून. कन्सोल ज्या पिनेत लावलाय तोच इनपुट टीव्हीवर निवडलेला आहे ना? हसण्यावारी नेऊ नका. गावच्या टीव्हीचा मूळ रिमोट कधीच हरवलेला असतो आणि सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवरून टीव्हीचा इनपुट बदलेलच असं नाही. बऱ्याच टीव्हींना खालच्या कडेला किंवा मागे एक छोटं बटण असतं, त्यावरून ‘सोर्स’ बदलता येतो. ते बोटाने चाचपून शोधा.

इनपुट बरोबर असेल तर कन्सोलचा दिवा बघा. पीएस-४चा दिवा निळा होऊन पांढऱ्यावर स्थिरावला तर यंत्र चालू झालंय, अडचण पुढच्या वाटेवर आहे. निळाच लुकलुकत राहिला तर भानगड कन्सोलच्या आतली असू शकते.

आता सेटटॉप बॉक्स कामाला येतो. तो एचडीएमआयवर, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या चपट्या पिनेवर, चालत असेल तर सगळ्यांचे प्लग काढून त्याचीच केबल, त्याच पिनेतून, बॉक्सकडून काढून कन्सोलला लावा. चित्र आलं तर तुमच्या केबलवर किंवा तुम्ही वापरत होता त्या पिनेवर संशय घ्या. नाही आलं तर कन्सोलची सेटिंग किंवा कन्सोलचं सॉकेट. मग उलट करा, म्हणजे तुमची केबल बॉक्सला लावा. दोन-तीन अदलाबदलींत गुन्हेगार एका जागी सापडतो. केबल, पिन, सेटिंग सगळं एकदम बदललं तर चित्र येईलही, पण नेमकं काय सुधारलं ते कळणार नाही आणि गणपतीत पुन्हा तोच घोळ.

या चाचणीत एक फसगत मात्र आहे. सेटटॉप बॉक्स फारच थोडी माहिती पाठवतो. साध्या फुल एचडीला, म्हणजे १०८०पी ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं), केबलमधून सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट जातात. चौपट ठिपक्यांच्या ४के ६० हर्ट्झला जवळपास १८. त्यामुळे बॉक्सला झकास चालणारी केबल पीएस-५च्या ४के चित्राला मान टाकू शकते. "हीच केबल डिशला चालते की" हा पुरावा फक्त एवढंच सांगतो की वायर तुटलेली नाही.

कन्सोलच्या एचडीएमआय सॉकेटमध्ये बॅटरी मारूनही बघा. आत १९ बारीक पिना दोन रांगांत असतात. केबल लावलेल्या अवस्थेतच कन्सोल पिशवीत कोंबून आणला असेल तर एखादी पिन वाकलेली किंवा सॉकेट एका बाजूला कललेलं दिसेल. तसं दिसलं तर सुईने सरळ करायला जाऊ नका. ते सॉकेट बदलून मिळतं, पण बोर्डावरचे आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक उखडले की काम खर्चिक होतं.

सेटिंग मुंबईचं राहिलं असेल तर

एचडीएमआयमध्ये चित्राच्या तारांखेरीज एक लहान वाट असते, जिच्यावरून टीव्ही ‘मला एवढं-एवढं झेपतं’ असं कन्सोलला कळवतो. रिझोल्युशन (चित्र किती ठिपक्यांचं) ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर कन्सोल ते वाचून जुळवून घेतो. कुणी हाताने ४के किंवा १०८०पी ठरवून ठेवलं असेल, किंवा ती वाट गंजलेल्या पिनेने अडली असेल, तर जुना टीव्ही न झेपणारं चित्र नाकारतो. मग ‘नो सिग्नल’ येतं किंवा ‘मोड नॉट सपोर्टेड’.

इथे पडदा दिसतच नाही तर सेटिंग बदलायची कशी? पीएस-४ आणि पीएस-५ पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा आणि दुसरी बीप ऐकू आली की सोडा. पहिली बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. कन्सोल सेफ मोडमध्ये उघडतो आणि हलक्या रिझोल्युशनचं चित्र देतो, जे जवळपास कुठलाही एचडीएमआय टीव्ही घेतो. गेमचा रिमोट यूएसबी वायरने जोडायला विसरू नका, सेफ मोडमध्ये तो बिनतारी चालत नाही. मेनूतला दुसरा पर्याय चित्राच्या सेटिंगचा आहे. पीएस-३लाही तसंच, दुसरी बीप येईपर्यंत बटण धरलं की व्हिडिओची सेटिंग मूळपदावर येते. एक्सबॉक्स ३६० सुरू होताना ‘वाय’ आणि उजवा ट्रिगर दाबून धरायचा.

गावच्या ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८चा असतो. त्यावर कन्सोल ७२०पीवर ठेवला तर काही गमावत नाही. काही जुने टीव्ही १०८०पी घेतात आणि आत लहान करून दाखवतात, पण अक्षरं पिचकतात.

लाइट जाऊन आल्यावर ‘नो सिग्नल’ येत असेल तर बहुतेक वेळा टीव्ही आणि कन्सोल यांची ओळखपरेड अर्धवट राहिलेली असते. दोन्ही यंत्रं भिंतीच्या बटणावरून बंद करा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही चालू करून तोच इनपुट लावा, मग कन्सोल. पावसाळ्यात लाइट दिवसभर ये-जा करते तेव्हा हा क्रम घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवलेला बरा.

लाल-पांढरी-पिवळी आणि तिची भावंडं

पीएस-२, जुना एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा वी, आणि जत्रेतून आणलेले ते ‘हजारो गेम’वाले डबे हे सगळे एव्ही वायरीवर चालतात. या वायरींचा गोंधळ एचडीएमआयपेक्षा जास्त, म्हणून जरा सविस्तर.

पिवळ्या पिनेतून सगळं चित्र एकाच तारेवर येतं, लाल आणि पांढरी आवाजाच्या. दुसऱ्या प्रकारात पाच पिना असतात: हिरवी, निळी, लाल चित्राला आणि आणखी लाल-पांढरी आवाजाला. याला कंपोनंट म्हणतात. यात उजेडाची माहिती हिरव्या तारेवर आणि रंगाची बाकी दोन तारांवर जाते, त्यामुळे चित्र पिवळ्यापेक्षा बरंच स्वच्छ दिसतं. पीएस-१, पीएस-२ आणि पीएस-३ यांचं मागचं एव्ही सॉकेट एकच आहे, तेव्हा पीएस-२ची कंपोनंट वायर पीएस-३लाही चालते. वी कंपोनंटवर ४८०पीपर्यंत जातो, त्यापुढे नाही.

आता लक्षणं. चित्र येतंय पण काळं-पांढरं, तर दोनच शक्यता आधी तपासा. पहिली म्हणजे पिन चुकली: कंपोनंटची हिरवी पिन टीव्हीच्या पिवळ्यात गेली की फक्त उजेडाची माहिती पोचते, रंग नाही. काही टीव्हींवर हिरवं आणि पिवळं सॉकेट एकच असतं, कडेला हिरवा-पिवळा दोन्ही रंग किंवा ‘वाय/व्हिडिओ’ असं लिहिलेलं. तिथे पिवळी लावली तर इनपुट ‘एव्ही’ निवडावा लागतो, पाच पिनांची लावली तर ‘कंपोनंट’. उलट झालं की एक तर काळं-पांढरं, नाहीतर हिरवट भूत.

दुसरी शक्यता प्रदेशाची. आपल्याकडे पाल पद्धत: ६२५ रेषा, ५० हर्ट्झ. अमेरिका-जपानकडे एनटीएससी: ५२५ रेषा, ६० हर्ट्झ, आणि रंगाची लहर वेगळ्याच फ्रीक्वेन्सीवर. पालमध्ये ती ४.४३ मेगाहर्ट्झची, एनटीएससीत ३.५८ची. अमेरिकेतल्या मामाने पाठवलेला पीएस-२ जुन्या डबा टीव्हीला लावला की चित्र दिसतं पण रंग सापडत नाही, तो यामुळेच. टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’ पालवर अडकलेली असेल तर ऑटोवर टाका. तरीही नाही जमलं तर कंपोनंट वायर घ्या. तिच्यात रंगाची ती लहरच नसते, त्यामुळे हे भांडण उरत नाही. आखातातून आलेल्या सेटला बहुधा हा त्रास होत नाही, तिकडेही पालच.

अमेरिकेचा सेट असेल तर केबल बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या पॉवरच्या लेबलवर किती व्होल्ट छापलेत ते वाचा. ‘१००-२४०’ असेल तर थेट लावा. नुसतं ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो एका क्षणात जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. एक्सबॉक्स ३६०ची ती वीट, जुना जाडा पीएस-२, वीचा अडॅप्टर यांच्या बाबतीत हे खास बघायचं.

अलीकडच्या बारीक टीव्हींना तीन गोल सॉकेटं देत नाहीत. त्याऐवजी हेडफोनसारखं एक छोटं भोक असतं, ‘एव्ही इन’ लिहिलेलं, आणि सोबत एक आखूड वायर दिलेली असते. ती वायर हरवली की लोक दुकानातून दिसायला तशीच आणतात, आणि मग चित्र येत नाही, आवाजात घरघर येते, किंवा पिवळ्यातून आवाज आणि लालमधून चित्र असा प्रकार होतो. कारण त्या चार पट्ट्यांच्या पिनेवर कुठली पट्टी अर्थिंगची आणि कुठली चित्राची, हे सगळ्या कंपन्या एकसारखं ठेवत नाहीत. बाहेरचे रंग अदलून-बदलून पाहा. कधी पिवळी पिन लाल सॉकेटात लावून काम भागतं. अर्थिंगच चुकीच्या पट्टीवर असेल तर मात्र त्या मॉडेलचीच वायर मागवावी लागते.

आणि टीव्हीला एव्ही मुळीच नसेल तर? काही शे रुपयांत मिळणारा ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबा चालतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. त्याला ५ व्होल्टची यूएसबी वीज लागते. ती न जोडता ‘डबा खराब’ म्हणून परत आणणारे पुष्कळ. दुसरं, त्यावर १०८०पी लिहिलेलं असलं तरी आत येणारं चित्र पिवळ्या पिनेचंच असतं. ते फक्त ताणून मोठं होतं, आणि ताणायला लागणारा वेळ खेळताना बटण उशिरा लागल्यासारखा जाणवतो. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट उशिरा फिरते. टीव्हीवरचा ‘गेम मोड’ लावला तर टीव्हीच्या बाजूचा उशीर कमी होतो, डब्याचा नाही. पीएस-२साठी कंपोनंट घेऊन एचडीएमआय देणारा डबा मिळाला तर तो घ्या, फरक डोळ्यांना दिसतो.

उलटा डबा, ‘एचडीएमआय टू एव्ही’, पीएस-४ जुन्या टीव्हीला जोडायला घेतात. जोडला जातो. पण गेममधली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि कॉपी रोखणारी एचडीसीपी सुरू असेल तर पडदा काळा राहू शकतो. पीएस-४च्या सिस्टिम सेटिंगमध्ये ती बंद करता येते. मग गेम चालतात, सिनेमाची काही ॲप चालत नाहीत. माझं मत विचाराल तर हा खटाटोप दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी ठीक. महिनाभर सुट्टी काढायची असेल तर कुणाकडून तरी जुना एचडीएमआय टीव्ही उसना आणावा.

चित्र येतं, पण मध्येच काळं होतं

हा तक्रारीचा दुसरा मोठा गठ्ठा, आणि इथेच केबल खरोखर दोषी असण्याची शक्यता जास्त. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या आणि चित्र हळूहळू फिकं व्हायचं. एचडीएमआयवर तसं हळूहळू काही होत नाही. केबल काठावर असेल तर पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमकून जातात, किंवा दोन-तीन सेकंद पूर्ण काळं होऊन परत येतं. त्यापलीकडे ‘नो सिग्नल’. म्हणूनच महाग केबलने रंग गडद होतात, चित्र ‘खुलतं’, ही दुकानदाराची बतावणी ऐकून सोडून द्या. माहिती पोचली तर दोनशेच्या केबलवरही तेच चित्र असतं.

केबल काठावर आहे का, हे पैसे न घालवता कळतं. पीएस-४ प्रोवर रिझोल्युशनमध्ये ‘२१६०पी-आरजीबी’ऐवजी ‘२१६०पी-वाययूव्ही४२०’ निवडा. त्यात रंगाची माहिती कमी पाठवली जाते आणि केबलवरचा भार साधारण निम्मा होतो. पीएस-५वर ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ नावाची सेटिंग आहे, ती -१ किंवा -२ करा. असं केल्यावर चित्र स्थिर झालं तर कन्सोल आणि टीव्ही निर्दोष, केबल किंवा तिची टोकं अपुरी. १०८०पीवर आणूनही काळं होत राहिलं तर नुसती जास्त वेगाची केबल आणून भागेलच असं नाही. सॉकेट सैल आहे का, पिना कळकल्यात का, ते बघा.

टीव्हीच्या बाजूचीही एक सेटिंग असते, जिच्याकडे कुणी बघत नाही. ४केचं पूर्ण चित्र घ्यायला त्या-त्या पिनेला परवानगी द्यावी लागते. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ या नावाने ती सापडते. ही बंद असली की नवी केबल आणूनही कन्सोल एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) दाखवत नाही. आणि सगळ्या पिना सारख्या नसतात: चारांपैकी एखाद्या-दोनच पिनांवर ‘४के १२०’ लिहिलेलं असतं.

मग घ्यायची कुठली

केबलवर ‘२.०’ किंवा ‘२.१’ असे आकडे छापतात, पण अधिकृत वर्गवारी वेगाच्या नावाने आहे. ‘हाय स्पीड’ सेकंदाला १०.२ गिगाबिटची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ची, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ची. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर अधिकृत स्टिकर असतो. अल्ट्राच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या ॲपने तपासता येतो. नुसतं ‘८के’ छापलंय आणि स्टिकर नाही, तर ती शाई आहे.

निवड टीव्हीवरून करा. एचडी रेडी किंवा फुल एचडी टीव्ही असेल तर घरात पडलेली कुठलीही धड ‘हाय स्पीड’ केबल पुरे, पीएस-५ लावला तरी. ४के ६० हर्ट्झचा टीव्ही असेल, आणि स्वस्तातले बहुतेक ४के टीव्ही तेवढेच असतात, तर ‘प्रीमियम हाय स्पीड’. टीव्हीच्या पिनेवर ४के १२० असेल तरच ‘अल्ट्रा’. पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या खोक्यात तशी केबल येतेच, तेव्हा सर्वात सोपा उपाय म्हणजे गावी येताना ती टीव्हीमागून काढून सोबत आणणे.

लांबीचा मोह टाळा. टीव्ही ओटीवर उंच ठोकलेला असतो आणि कन्सोल खाली खुर्चीवर, त्याला २ मीटर बहुधा पुरतात, ३ मीटरने नक्की भागतं. तांब्याची केबल जितकी लांब तितका वेग झेपणं अवघड, आणि ४के १२०ला ५ मीटरच्या पुढे साध्या केबलच्या नादाला लागूच नये. माजघरातून माडीवर वगैरे न्यायची असेल तर तांब्याऐवजी प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल एचडीएमआय मिळते, पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी लावली की काहीच दिसत नाही. भिंतीत घालण्याआधी तपासा, जांभा पुन्हा फोडायला कुणी तयार होत नाही.

टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर सरळ पिन मागे दाबली जाते आणि सॉकेट हळूहळू सैल होतं. त्याला काटकोनी पिन घ्या, मात्र वर वळणारी आणि खाली वळणारी अशा दोन जाती असतात. सॉकेटची रुंद बाजू कुठल्या अंगाला आहे ते मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवा.

खारी हवा

देवबाग-तारकर्लीची घरं आणि कुडाळातली घरं यांत याबाबत फार फरक पडतो. समुद्र अंगणापर्यंत आलेला असला की एव्हीच्या पिना एका पावसाळ्यात हिरव्या होतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशीच ही गत: निकेलचा मुलामा उडाला की आतल्या पितळेला मीठ आणि ओल लागते. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग असतो तो इथे. चित्र त्याने सुधारत नाही, पिन जास्त दिवस टिकते.

साफ करायला दोन्ही यंत्रांची वीज काढा. एव्हीच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. सॉकेटात इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा, पिन सावकाश आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, उरलासुरला मुलामाही निघून जातो. रॉकेल आणि खोबरेल तर नकोच. तेलकट थरावर धूळ बसते. एचडीएमआयच्या आत कापूस घालू नका, धागे पिनांत अडकतात. तिथे फक्त क्लीनर आणि हवा.

बंद घरातल्या टीव्हीत आणखी एक भाडेकरू असतो. कुंभारीण माशी कुठल्याही रिकाम्या भोकात माती भरते, आणि एचडीएमआयची पिन तिला सोयीची. केबल अर्ध्यावरच अडली तर जोर करू नका, आधी आत बघा. वाळलेली माती लाकडी दातकोरणीने हलके मोकळी करून निघते. वापरात नसलेल्या पिनांना रबराची टोपणं मिळतात, स्वस्त असतात, ती लावून घराला कुलूप लावा. केबलही टीव्हीला लोंबत ठेवण्यापेक्षा सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवावी.

करंट आणि वीज

केबल लावताना पिनेच्या पत्र्याला हात लागून मुंग्या आल्यासारखं वाटतं, ही तक्रार गावच्या घरांत फार. पीएस-५, साधा पीएस-४ आणि बरेच टीव्ही दोन पिनांच्या वायरीवर चालतात, त्यांना अर्थिंग नसतंच. आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट पत्र्यापर्यंत झिरपतो. एवढ्याने माणसाला सहसा धोका नसतो, पण दोन चालू यंत्रं एचडीएमआयने जोडताना त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक पिनेतून पळतो आणि सॉकेटमागची नाजूक चिप जाऊ शकते. म्हणून केबल लावायची-काढायची ती भिंतीतले दोन्ही प्लग उपटूनच. मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसत असेल तर मात्र गेम बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहणं एवढ्यानेही फरक पडतो.

पिवळ्या वायरीवर चित्रात आडवे पट्टे सावकाश वर सरकत असतील आणि स्पीकर घुमत असेल तर छत्रीची (डिशची) केबल टीव्हीवरून काढून बघा. थांबलं तर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळतंय. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या.

मे अखेरच्या गडगडाटात आणि परत दसऱ्याच्या सुमारास जळालेल्या एचडीएमआय पिनांचं काम वाढतं. लोक सांगतात, "प्लग काढून ठेवला होता." प्लग काढलेला असतो, पण छत्रीची वायर सेटटॉप बॉक्सला आणि बॉक्सची एचडीएमआय टीव्हीला तशीच असते. विजेचा दाब छपरावरून त्या वायरीने बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत, आणि टीव्हीतून दुसऱ्या पिनेवरच्या कन्सोलमध्ये उतरतो. स्पाइक गार्ड फक्त प्लगची वाट राखतो, छपराची नाही. ढग दाटले की छत्रीची वायर बॉक्सवरून फिरवून काढायची आणि कन्सोलची एचडीएमआयही सोडवून ठेवायची. लखलखाट डोक्यावर आल्यावर हे करायला जाऊ नका, तेव्हा वायरीला हात न लावणंच बरं.

एक पिन गेली म्हणून टीव्ही टाकू नका, दुसरी चालत असते. कन्सोलचं सॉकेट गेलं असेल तर दुरुस्तीला नेताना टीव्हीच्या मागच्या लेबलचा फोटो, वापरत असलेली केबल आणि कन्सोलची पॉवर वायर सोबत न्या, आणि दिव्याचा रंग कसा बदलतो ते सांगा. कारागीर आधी केबलच तपासणार आहे.